आठ आकड्यांचा राक्षस

ओझर म्हटलं की बहुतेकांना अष्टविनायकातला विघ्नेश्वर आठवतो. ते ओझर जुन्नर तालुक्यातलं, कुकडीकाठचं. मी सांगतो आहे ते नाशिक जिल्ह्यातलं, बाणगंगेकाठचं, लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' असलेलं ओझर. दोन्ही गावांच्या वाट्याला राक्षस मात्र आले. तिथे गणपतीने विघ्नासुराला नमवलं. इथे चंपाषष्ठीला खंडेरावाची यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात, घरोघरी वांग्याचं भरीत आणि रोडगे होतात, आणि मणी-मल्लांच्या वधाची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. माझ्या लहानपणी या गोष्टीच्या जोडीला आणखी एक राक्षस आला. तो कॅसेटमधून आला.

यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग-२१ बनवणारा कारखाना ओझरला उभा राहिला. विमानाचा सांगाडा इथे, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी ती विभागणी होती. कारखान्याबरोबर टाऊनशिप आली आणि देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली माणसं शेजारी-शेजारी राहू लागली. भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा, भोंग्यावर संपायचा. डोक्यावरून मिग गेला की शिक्षक वाक्य अर्धवट सोडून थांबत आणि आवाज विरल्यावर तिथूनच पुढे सुरू करत.

आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये एक काका राहायचे. कारखान्यात जोडणी विभागात होते. १९८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पुण्याहून एक काळी, जाड वहीएवढी वस्तू आणली. तिला पडदा नव्हता, डबा नव्हता, होते ते फक्त कळफलकाचे काळे खटके. ती टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडायची. वस्तूचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस.

तिची मूळ घडण ब्रिटनची. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला, १२५ पौंडांना. घरी परवडणारा, रंग दाखवणारा संगणक ही तेव्हा मोठी गोष्ट होती. १९८४ मध्ये त्याची सुधारित 'प्लस' आवृत्ती आली आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ती परवाना घेऊन भारतात बनवायला घेतली. त्याच्या आधीच, १९८४ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो हे दुसरं ब्रिटिश यंत्र पोहोचू लागलं होतं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने 'युनिकॉर्न' नावाने त्याचीही भारतीय आवृत्ती काढली. संगणक म्हणजे वातानुकूलित खोलीतलं कपाट, ही समजूत या दोन यंत्रांनी मोडली. स्पेक्ट्रमने तर तो थेट बैठकीच्या खोलीत, टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाशेजारी आणून ठेवला.

खेळ सुरू करणं हाच एक सोहळा असायचा. 'जे'चा खटका एकदा दाबला की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटे, मग दोन अवतरणचिन्हं, मग टेपचं 'प्ले'. पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर पट्टे सरकत, मग निळे-पिवळे, आणि टेपमधून कान किटवणारी किंचाळी. ती किंचाळी म्हणजेच खेळ. एक ठरलेला छोटा ठोका म्हणजे शून्य, त्याच्या बरोबर दुप्पट लांबीचा म्हणजे एक. यंत्र आवाज 'ऐकत' नसे. आवाजाच्या एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच ते मोजे. सेकंदाला साधारण तेराशे-चौदाशे बिट. ४८ के स्मृती भरेल एवढा खेळ यायला चार-पाच मिनिटं लागत. शेवटी तपासणीचा एक बाइट येई. आलेले सगळे बाइट ठरावीक रीतीने एकमेकांत मिसळून जे उत्तर निघे, ते या बाइटशी जुळायला हवं. नाही जुळलं तर पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' येई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"काका, झालं का हो?" असं आम्ही दर अर्ध्या मिनिटाला विचारायचो. काका हातात बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपच्या हेडजवळचा स्क्रू केसभर फिरवत बसलेले असत. कॅसेटी एकावरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवलेल्या असायच्या. प्रत्येक उतरवणीत आवाजाच्या कडा बोथट होतात. त्यात टेपचा पट्टा जरा सैल असला की ठोक्यांची लांबी डळमळते आणि शून्य कुठे संपलं, एक कुठे सुरू झालं हे यंत्राला उमगत नाही. हेड सरळ करणं म्हणजे त्या कडांना पुन्हा धार लावणं. चौथ्या मिनिटाला वीज गेली तर मात्र कुणाचाच इलाज नसे, कारण वीज गेली की स्मृतीतलं काहीच उरत नाही.

आणि एवढ्या तपश्चर्येनंतर राक्षस यायचा.

आमचा आवडता प्रकार शिड्या आणि मजल्यांचा. पडद्यावर आडवे चार-पाच मजले, त्यांना जोडणाऱ्या शिड्या, त्यावर एक चिमुकला माणूस आणि तीन-चार राक्षस. माणसाकडे बंदूक नाही, तलवार नाही, फक्त फावडं. मजल्याच्या जमिनीत खड्डा खणायचा आणि दूर होऊन वाट बघायची. राक्षस त्यात अडकला की धावत जाऊन त्याला फावड्याने खाली ठोकायचं. तो मजल्यावरून पडतो आणि मरतो. उशीर केला तर तो वर चढतो, खड्डा बुजतो आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो.

ही कल्पना मुळात जपानची. युनिव्हर्सल या कंपनीने १९८० मध्ये 'स्पेस पॅनिक' हे नाणं टाकून खेळायचं यंत्र काढलं. शिड्या चढत मजल्या-मजल्यांवर खेळायच्या खेळांचा तो आद्य पूर्वज मानला जातो. प्रसिद्ध 'डाँकी काँग' त्यानंतर वर्षाने आला. 'स्पेस पॅनिक'मधल्या माणसाला उडी मारता येत नाही. त्याचा प्राणवायू हळूहळू संपत असतो, म्हणून कोपऱ्यात दबून बसण्याची सोयही नाही. काही राक्षस तर इतके चिवट की एका मजल्यावरून पडून मरतच नाहीत. दोन किंवा तीन मजल्यांवर बरोबर एकाखाली एक खड्डे खणून ठेवले तरच ते संपतात. घरगुती संगणकांवर या खेळाच्या नकला झपाट्याने आल्या: ॲपल टू यंत्रासाठी बेन सेर्की यांचा 'ॲपल पॅनिक' १९८१ मध्ये, आणि बीबीसी मायक्रोसाठी एकॉर्नसॉफ्टचा 'मॉन्स्टर्स' १९८२ मध्ये.

मला हा खेळ नेमबाजीच्या खेळांपेक्षा फार वरचा वाटतो, तेव्हाही वाटायचा. इथे बचावाचं साधन आणि स्वतःची अडचण ही एकच वस्तू आहे. आपणच खणलेला खड्डा आपल्यालाही ओलांडता येत नाही. घाबरून दोन्ही बाजूंना खणलं की आपण मधे कोंडले जातो आणि शिडीवरून दुसरा राक्षस उतरू लागतो. खणायला वेळ लागतो, म्हणून धोका दिसायच्या आधीच खणावं लागतं. आम्ही मुलं तासभर भांडायचो ती गोळी कुणी मारली यावर नव्हे, खड्डा शिडीपासून किती घरं लांब हवा यावर. या राक्षसांना आम्ही नावंही दिली होती. साधा तो मणी. खड्ड्यातून वर आलेला तो मल्ल.

मल्ल आमच्या मागे येतो हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. तो आम्हाला ओळखतो, काकांच्या मुलीपेक्षा माझ्यावर त्याचा जास्त राग आहे, असंही मला वाटायचं. एका दुपारी काकांनी ग्राफ पेपर पुढे ओढला आणि राक्षस उलगडून दाखवला. ती दुपार मी विसरलेलो नाही.

त्यांनी कागदावर आठ बाय आठचा चौकोन आखला. चौसष्ट घरं. काही घरं काळी केली: डोकं, दोन डोळ्यांच्या मोकळ्या जागा, फाकलेले पाय. मग प्रत्येक आडव्या ओळीवर डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती लिहिल्या आणि काळ्या घरांची बेरीज मांडली. पहिली ओळ ६०. दुसरी १२६. तिसरी, डोळ्यांची, २१९. चौथी २५५, म्हणजे सगळीच घरं भरलेली. मग १२६, ३६, ६६, १२९. आठ ओळी, आठ आकडे, आठ बाइट. ते आकडे त्यांनी बेसिक भाषेतल्या 'डेटा' ओळीत टाईप केले, 'पोक' या आज्ञेने स्मृतीत बसवले, आणि 'ए' अक्षराच्या जागी मल्ल उभा राहिला. स्पेक्ट्रममध्ये अशी स्वतःची एकवीस चित्रं बनवता येत.

"आणि हा मागे कसा येतो?" मी विचारलं.

"तुझं घर कुठलं आणि त्याचं घर कुठलं, बघ," काका म्हणाले. "वजाबाकी कर."

पडद्यावर आडवी ३२ आणि उभी २४ घरं असतात. माझा आडवा आकडा २० आणि राक्षसाचा १२ असेल तर फरक अधिक येतो. राक्षसाने आपल्या आकड्यात एक मिळवायचा. फरक उणे आला तर एक वजा करायचा. शून्य आला तर शिडी शोधायची. बेसिकमध्ये यासाठी एक तयार क्रिया आहे: ती कुठल्याही संख्येचं फक्त चिन्ह सांगते, अधिकाला १, उण्याला वजा १, शून्याला ०. राक्षसाचा आकडा, अधिक, फरकाचं चिन्ह. त्याचा सगळा राग, सगळी चिकाटी, माझ्यावरचा तो खास डाव एका ओळीत मावत होता.

पण नुसता असा राक्षस मूर्ख असतो. तो नेहमी सरळ येतो आणि दोन डावांत त्याची सवय कळते. म्हणून शिडीच्या तोंडाशी तो मधूनच फासा टाकतो. संगणकाला खरा फासा टाकता येत नाही. स्पेक्ट्रमची युक्ती अशी: एक संख्या घ्यायची, तिच्यात एक मिळवायचा, ७५ ने गुणायचं, ६५५३७ ने भागून बाकी घ्यायची, त्यातून एक वजा करायचा. आलेली संख्या पुढच्या वेळची सुरुवात. ६५५३७ ही मूळ संख्या आहे आणि ७५ हा तिच्यासाठी नेमका निवडलेला गुणक, त्यामुळे ही साखळी तब्बल ६५,५३६ पावलं चालते आणि मगच पहिल्या आकड्यावर परत येते. माणसाला त्यात कसलाही क्रम दिसत नाही. तरी साखळी ठरलेलीच. रोज एकाच आकड्यापासून सुरुवात केली तर राक्षस रोज तेच करतील. मग सुरुवातीचा आकडा आणायचा कुठून? यंत्र चालू झाल्यापासून टीव्हीच्या पडद्याचे फेरे मोजणारा एक मोजक आत सतत चालतो, सेकंदाला पन्नास. खेळणाऱ्याने कळ दाबली त्या क्षणी तो मोजक जिथे असेल, तो आकडा घ्यायचा. म्हणजे आम्ही चहाचा कप ठेवून यायला किती वेळ लावला, यावर त्या दिवशीचा मल्ल ठरे.

आता खड्डा. खड्डा कुठे आहे याची वेगळी नोंद काकांनी बेसिकमध्ये स्वतः लिहिलेल्या खेळात ठेवलीच नव्हती. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक घराला रंगाचा एक बाइट असतो: तीन बिट शाईचा रंग, तीन बिट कागदाचा, एक बिट झळाळीचा, एक लुकलुकण्याचा. जमीन हिरवी, खड्डा काळा. राक्षस पाऊल टाकण्याआधी पायाखालच्या घराचा रंग विचारतो. काळा आला की अडकला. पडदा हाच नकाशा होता. एका घरात दोनच रंग मावत असल्याने राक्षस शिडीवर चढला की शिडीही त्याच्याच रंगाची होऊन जाई. लोक याला त्या यंत्राचा दोष म्हणतात. आम्हाला मात्र मल्लाचा हात लागून शिडी लाल होते, हे अगदी बरोबर वाटायचं.

काकांचा बेसिकमधला खेळ कॅसेटवरच्या खेळांपुढे फार हळू चाले. कारणही त्यांनी समजावलं. बेसिकची प्रत्येक आज्ञा दर वेळी नव्याने वाचून, अर्थ लावून पाळली जाते. कॅसेटवरचे खेळ थेट झेड-एटी या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले असत, आणि तिथेही चणचण होतीच. हा प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोके देतो. पडद्याचा एक फेरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपतो, म्हणजे एका फेऱ्याला साधारण सत्तर हजार ठोके. पडद्यावरच्या ठिपक्यांना ६,१४४ बाइट लागतात. एक बाइट इकडून तिकडे नेण्याच्या सोयीच्या आज्ञेला २१ ठोके. गुणाकार केला तर १,२९,०२४. म्हणजे अख्खा पडदा एकदा बदलायचा तरी जवळजवळ दोन फेरे जातात, आणि राक्षसांच्या चालीचा विचार अजून सुरूही झालेला नसतो. म्हणून कसलेले लेखक फक्त राक्षसाचं जुनं घर पुसत आणि नवं घर काढत. बाकी पडदा जागच्या जागी.

खड्ड्यांचा खेळ या यंत्रांवर इतका छान का जमला, याचं उत्तर मला इथे सापडतं. गोळी सुटली की ती प्रत्येक फेऱ्यात हलवावी लागते. खड्डा हलत नाही. तो एकदा खणला की पडून राहतो, प्रोसेसरकडून काहीही मागत नाही, आणि तरी सगळ्या मजल्यावर दहशत ठेवतो.

आवाजाची गोष्ट तशीच. स्पेक्ट्रमच्या पोटातल्या भोंग्याला दोनच स्थिती माहीत, त्याचा पडदा पुढे किंवा मागे. सूर काढायचा तर प्रोसेसरला स्वतः बसून तो मागे-पुढे करावा लागतो. तेवढा वेळ दुसरं काम बंद. राक्षस कोसळतो तेव्हा बेसिकमधला खेळ क्षणभर गोठल्यासारखा व्हायचा. मला तो विजयाचा मान वाटायचा. प्रोसेसर भोंगा वाजवण्यात गुंतलेला असे.

आणखी एक निरीक्षण काकांच्या मुलीचं. राक्षस चार असताना खेळ रेंगाळतो, एकच उरला की तो पिसाळल्यासारखा धावतो. तिने विचारलं, "बाबा, शेवटच्याला तुम्ही वेगळं काही सांगितलंय?" काही सांगितलेलं नव्हतं. चार जणांची वजाबाकी करायला वेळ लागतो, एकाची झटकन होते, एवढंच. नंतर कळलं की जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांना १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवताना नेमकं हेच दिसलं होतं. परग्रहवासी मरत जातील तसे उरलेले वेग घेत, कारण यंत्राला काढायला कमी चित्रं उरत. त्यांनी तो प्रकार दुरुस्त केला नाही, तसाच राहू दिला, आणि खेळ शेवटाकडे जीवघेणा होत जाण्याची रीत तिथून पडली.

प्रतिकाराची सोयच नसलेला राक्षसही त्या काळात होऊन गेला, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्पेक्ट्रमच्या आधीचा झेडएक्स ८१ हा काळा-पांढरा संगणक. त्यावर माल्कम एव्हान्स या ब्रिटिश अभियंत्याचा 'थ्री-डी मॉन्स्टर मेझ' १९८२ मध्ये विक्रीला आला. भूलभुलैयाच्या गल्ल्या, आणि कुठेतरी एक टायरॅनोसॉरस. फावडं नाही, काही नाही, फक्त पळायचं. तो अजून दिसत नसतो, पण पडद्याखाली एक ओळ येते की पावलं जवळ येत आहेत. झेडएक्स ८१ मध्ये टीव्हीचं चित्र काढायचं कामसुद्धा प्रोसेसरच करतो. विचाराला त्याचा जेमतेम पाव वेळ उरतो. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, १६ के स्मृती, आवाज शून्य. तरी वळणावर तो जबडा पुढे आला की मोठी माणसं दचकत. भीती किती थोड्या सामग्रीत उभी राहते याचा इतका चोख पुरावा मला दुसरा माहीत नाही.

दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईतून आलेले पीसी दिसू लागले आणि काळी वस्तू कपाटावर गेली. आज मोबाइलवर स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल चालते. मी ती घेतली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते आठ आकडे टाईप करणं. साठ, एकशे सव्वीस, दोनशे एकोणीस. मल्ल जसाच्या तसा उभा राहिला.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी काकांनी आम्हाला स्वतःचं चित्र बनवायला सांगितलं होतं. मी बरीच घरं खोडून शेवटी पुन्हा राक्षसच काढला. त्यांच्या मुलीने मात्र विमान काढलं: टोकदार नाक, मागे पसरत गेलेले त्रिकोणी पंख, शेपटी. चोवीस, चोवीस, साठ, एकशे सव्वीस, दोनशे पंचावन्न, चोवीस, साठ, शून्य. ओझरच्या कुठल्याही पोराने पाहताक्षणी ओळखलं असतं. तिने 'डेटा' ओळीतले मल्लाचे आकडे खोडून आपले आकडे भरले आणि खेळ सुरू केला. चार मिग मजल्यांवरून आमच्या दिशेने सरकू लागले. आम्ही जोरात ओरडलो. मग पहिलं विमान खड्ड्याशी आलं, अडकलं, आणि मी सवयीने फावडं मारलं. ते खाली पडलं. भोंगा वाजला.

काका दारात उभे होते, डब्याची पिशवी अजून हातातच. ते काही बोलले नाहीत. आत आले, पिशवी ठेवली, मुलीच्या शेजारी बसले, आणि एकेक आकडा खोडून जुने आकडे परत भरले. शेवटचा एकशे एकोणतीस त्यांनी तिलाच टाईप करू दिला.